इलिनॉयचा गव्हर्नर कोण? राऊनर की प्रिट्झकर (आणि कमोडची भानगड)

वाऱ्याचं_गाव (धागाकर्ता), ४ ऑक्टोबर २०१८

मंडळी, इकडे शिकागोत सध्या टीव्ही लावायची सोय राहिलेली नाही. बातम्या लावा, मॅच लावा, यूट्यूबवर पोरांची गाणी लावा, मध्येच प्रिट्झकर येतो आणि सांगतो की राऊनरने राज्याचं वाटोळं केलं, तो गेला की लगेच राऊनर येतो आणि सांगतो की प्रिट्झकरने घरातले कमोड काढून टॅक्स वाचवला. ६ नोव्हेंबरपर्यंत हेच. आपल्याकडे अमेरिकेवर धागे निघतात ते सगळे ट्रंपवर, राज्याच्या निवडणुकीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून म्हटलं आपणच काढू.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: ब्रूस राऊनर हा रिपब्लिकन, सध्याचा गव्हर्नर, २०१४ ला पॅट क्विनला पाडून आला. आधी जीटीसीआर नावाच्या प्रायव्हेट इक्विटी फर्मचा चेअरमन. म्हणजे गडी स्वतःच गब्बर. पण समोर उभा आहे डेमोक्रॅट जे. बी. प्रिट्झकर, हयात हॉटेलवाल्या घराण्यातला, फोर्ब्सच्या हिशेबाने ३ अब्ज डॉलरच्या वरचा आसामी. गेल्याच आठवड्यात त्याने स्वतःच्या खिशातून घातलेले पैसे १४ कोटी ६५ लाख डॉलरवर गेले. आधीचा रेकॉर्ड मेग व्हिटमनचा, २०१० ला कॅलिफोर्नियात तिने १४ कोटी ४० लाख घातले होते आणि तरी पडली होती.

तर प्रश्न असा की राऊनर आपल्या कारभारामुळे पडतोय की समोरच्याच्या पैशामुळे? (पडतोय हे मी धरूनच चाललोय, सगळे पोल तेच सांगतायत.)

टवाळ_मुलगा

रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पण कमोडचं सविस्तर लिहा की राव, असं मध्येच सोडून काय जाता

पेठेतली_मृणाल

वाचतेय. इकडे पुण्यातून बघताना एक कळत नाही, १४ कोटी डॉलर म्हणजे आजच्या भावाने हजार कोटी रुपयांच्या वर गेले ना? एका राज्याच्या निवडणुकीत एका माणसाने? आणि याला कुणी अडवत नाही? आपल्याकडे विधानसभेच्या उमेदवाराला २८ लाखांची मर्यादा आहे (हसू नका).

नेपरविलेचे_काका

मृणालताई, हसलो नाही पण हसू आलं 🙂 २८ लाखांत आमच्या गावाकडे नुसत्या गाड्यांचं डिझेल होत नाही.

बाकी धागाकर्त्याने पहिल्याच ओळीत निकाल लावून टाकला म्हणून थोडं लिहितो. मी वीस-बावीस वर्षं या राज्यात आहे, २०१४ ला राऊनरला मत दिलं होतं आणि याही वेळी देणार. कारण एकच, मॅडिगन. माइक मॅडिगन हा माणूस १९८३ पासून इथल्या विधानसभेचा स्पीकर आहे, मधली दोन वर्षं सोडली तर सलग. डेमोक्रॅटिक पक्षाचा राज्याचा अध्यक्षही तोच. कुणाला तिकीट, कुठलं बिल सभागृहात मांडलं जाणार, सगळं त्याच्या हातात. आणि साहेबांची स्वतःची लॉ फर्म काय करते, तर शिकागोतल्या मोठमोठ्या बिल्डिंगवाल्यांचे प्रॉपर्टी टॅक्स कमी करून देते. आमचा टॅक्स बघा, देशात न्यू जर्सीच्या खालोखाल इलिनॉयचा नंबर लागतो. माझ्या घराचा प्रॉपर्टी टॅक्स आता मॉर्गेजच्या व्याजाला गाठत आलाय. राऊनर निदान त्या माणसाला नडला तरी. प्रिट्झकर आला की मॅडिगनला रान मोकळं.

अर्धवटराव_शॉमबर्ग

काका, नडला हे खरं, पण नडून मिळवलं काय? दोन वर्षं बजेट नाही. दोन वर्षं! १ जुलै २०१५ ते जुलै २०१७. अमेरिकेत कुठल्याच राज्यात महामंदीनंतर असं झालेलं नाही. राऊनर म्हणाला आधी माझा टर्नअराउंड अजेंडा पास करा, युनियनचं बळ कमी करा, टर्म लिमिट आणा, प्रॉपर्टी टॅक्स गोठवा, मग बजेटचं बोलू. मॅडिगन म्हणाला बजेटचा आणि याचा संबंध काय. दोघेही हटले नाहीत आणि मेले कोण तर खालचे लोक. लॉटरी लागलेल्या माणसाला राज्याने सांगितलं की पैसे नाहीत, नंतर या! खरंच झालंय हे, २०१५ ला आधी २५ हजाराच्या वरची बक्षिसं थांबली, मग ६०० डॉलरच्या वरची. तिकिटं मात्र विकणं चालूच.

टवाळ_मुलगा

हसून हसून पुरेवाट. उधारीवर लॉटरी.

सातारची_सून

हसण्यासारखं नव्हतं हो ते. मी सोशल सर्व्हिसमध्ये आहे, संस्थेचं नाव लिहीत नाही. सरकारचं काँट्रॅक्ट असतं, आम्ही काम करतो, म्हाताऱ्यांकडे घरी जाणं, ॲडिक्शनवाल्यांचं काउन्सेलिंग, आणि राज्य बिल भरतं. ते भरणंच बंद झालं. आधी आमच्याकडे बँकेचं कर्ज काढून पगार झाले, मग एकेक प्रोग्रॅम बंद. पेपरात आलेलं उदाहरण द्यायचं तर लुथरन सोशल सर्व्हिसेसने जानेवारी २०१६ मध्ये ७५० जागा कमी केल्या, ही राज्यातली मोठ्यातली मोठी संस्था. शिकागो स्टेट युनिव्हर्सिटीने शेकडो लोक काढले. गरीब घरच्या मुलांची मॅप ग्रँट अडकली, कॉलेजांनी स्वतःच्या पदरचे घातले, ज्यांच्याकडे पदर नव्हता त्यांची मुलं गेली घरी. आणि गंमत बघा, उशिरा भरलेल्या बिलावर राज्याला महिन्याला १ टक्का व्याज द्यावं लागतं, म्हणजे वर्षाला १२. थकीत बिलं गेल्या नोव्हेंबरात १६.७ अब्ज डॉलरवर गेली होती. नुसतं व्याज अब्जाच्या वर गेलं. पैसे वाचवायला निघाले होते म्हणे.

काका, तुम्हाला मॅडिगनचा राग आहे तो मलाही आहे. पण एक माणूस पाडायचा म्हणून राज्याचं दार बंद करायचं हे कुठल्या बिझनेस स्कूलमध्ये शिकवतात?

नेपरविलेचे_काका

ताई, तुमच्या कामाबद्दल आदरच आहे. पण बजेट पास करायचं काम विधानसभेचं, आणि ती कोणाच्या हातात होती? आणि शेवटी जे बजेट आलं ते कसं आलं तेही सांगा. इन्कम टॅक्स ३.७५ वरून ४.९५ टक्के केला, राऊनरने व्हेटो केला, म्हणजे नाकारला, तो व्हेटो विधिमंडळाने ओव्हरराइड करून फिरवला. त्यात काही रिपब्लिकनही फुटले.

अर्धवटराव_शॉमबर्ग

फुटले कारण राज्याच्या कर्जाचं रेटिंग जंकच्या, म्हणजे धोक्याच्या कर्जाच्या, एक पायरी वर येऊन टेकलं होतं काका. अजून महिना गेला असता तर देशातलं पहिलं जंक राज्य झालो असतो आपण.

वाऱ्याचं_गाव

मृणाल यांच्या प्रश्नाचं राहिलं. स्वतःचा पैसा स्वतःच्या प्रचारात घालायला इथे मर्यादा घालताच येत नाही, १९७६ च्या बकले विरुद्ध व्हॅलियो खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय की हा अभिव्यक्तीचा हक्क आहे. दुसऱ्याकडून देणगी घ्यायला मात्र मर्यादा घालता येते, आणि इलिनॉयने तेव्हाचा गव्हर्नर ब्लागोयेविच याच्या भ्रष्टाचार प्रकरणानंतर २००९ मध्ये तसा कायदाही केला. पण त्यात एक पळवाट ठेवली, म्हणजे हेतू चांगला होता, की एखाद्या उमेदवाराने राज्यव्यापी निवडणुकीत स्वतःचे अडीच लाख डॉलरच्या वर घातले तर समोरच्या गरीब उमेदवारावर अन्याय नको म्हणून त्या लढतीपुरती सगळ्यांचीच मर्यादा उठते. आता करोडपतीला अडीच लाख म्हणजे काय, सकाळच्या नाश्त्याला भरून टाकतो. २०१४ च्या वेळी राऊनरनेच ही मर्यादा उठवली. या वेळी त्याने डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे निवडणुकीला दोन वर्षं बाकी असताना, स्वतःचे ५ कोटी टाकले, मे २०१७ मध्ये सिटाडेल नावाच्या गुंतवणूक कंपनीवाल्या केन ग्रिफिनने २ कोटीचा चेक दिला. डेमोक्रॅट लोकांनी ते आकडे बघितले आणि ठरवलं की आपल्यालाही असाच कुणीतरी पाहिजे. मोठे युनियनवाले प्रायमरीच्या (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या) कितीतरी आधी प्रिट्झकरच्या मागे उभे राहिले ते उगाच नाही. डॅनियल बिस म्हणून एक गणिताचा माजी प्राध्यापक होता, ख्रिस केनेडी होता, रॉबर्ट केनेडींचा मुलगा, त्याच्या नावातच वजन. दोघांची मतं एकत्र केली तर प्रिट्झकरपेक्षा जास्त भरतात, पण टीव्हीवर दिसलेच नाहीत फारसे. प्रिट्झकर ४५ टक्क्यांवर निघून गेला.

माझं म्हणणं एवढंच की राऊनरने जो खेळ सुरू केला त्यात त्याच्यापेक्षा मोठी थैली असलेला माणूस येणारच होता. तो आला.

बेळगावचा_बंड्या

आपल्या माणसाचं नाव कसं कुणी घेतलं नाही अजून? श्री ठाणेदार! शेजारच्या मिशिगनमध्ये गव्हर्नरच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उभे होते की ऑगस्टमध्ये. आमच्या बेळगावचे. स्वतःचे कोटीभर डॉलर घातले, टीव्हीवर जाहिराती, सुरुवातीला पोलमध्ये पुढेही होते.

पेठेतली_मृणाल

हो हो, इकडच्या पेपरात आलं होतं. काय झालं मग?

बेळगावचा_बंड्या

तिसरे आले. साधारण १८ टक्के. ग्रेचेन व्हिटमर ५२ टक्क्यांनी जिंकली, दुसरा अब्दुल अल-सय्यद. तिच्या मागे पक्षाची माणसं होती, युनियन होती, दारोदार जाऊन मत मागणारे होते. जाहिरातीने नाव माहीत होतं, पण नाव माहीत झालं म्हणून मत पडतंच असं नाही. अभिमान आहेच, पण म्हणून आकडा बदलत नाही.

नेपरविलेचे_काका

हेच तर. टोनी सँचेझने २००२ ला टेक्सासमध्ये रिक पेरीविरुद्ध ६ कोटीच्या आसपास घालवले, पडला. डिक डेव्होसने २००६ ला मिशिगनमध्ये ग्रॅनहोमविरुद्ध साडेतीन कोटी, पडला. खुर्चीवर बसलेल्याला नुसत्या पैशाने हलवता येत नाही. म्हणून म्हणतो पोलवर जाऊ नका.

सातारची_सून

तुम्हीच तुमचा मुद्दा खोडताय काका. पैशाने हलत नाही ना? मग हा हलतोय तो कशाने?

टवाळ_मुलगा

😂 ताईंना मोदक द्या कुणीतरी. आणि कमोड???

अर्धवटराव_शॉमबर्ग, १६ ऑक्टोबर

घे बाबा कमोड. गोल्ड कोस्ट म्हणून शिकागोतला अतिश्रीमंत भाग आहे, तिथे प्रिट्झकरची कोठी. शेजारची कोठीही त्यानेच घेतली. ती रिकामी पडून, तिचा प्रॉपर्टी टॅक्स मात्र येतोय. मग पाचही कमोड काढून टाकले आणि घरांची किंमत ठरवणाऱ्या असेसरकडे अर्ज केला की घर राहण्यायोग्य नाही, किंमत कमी धरा. धरली. सुमारे ३ लाख ३० हजार डॉलर वाचले. सन-टाइम्स पेपरने गेल्या वर्षी हे बाहेर काढलं, आणि आता कुक काउंटीच्या (शिकागोच्या जिल्ह्याच्या) इन्स्पेक्टर जनरलचा, म्हणजे सरकारी कारभाराची चौकशी करणाऱ्याचा, रिपोर्ट फुटलाय, त्यात सरळ ‘फसवणुकीची योजना’ असे शब्द आहेत. प्रिट्झकर म्हणतो नियमात बसून केलं, पण पैसे परत केले.

मी त्यालाच मत देणार आहे, पण हे वाचून डोकं फिरलं. अब्जाधीश माणूस, आणि ३ लाखासाठी संडास उपटतो?

नेपरविलेचे_काका

आणि हा माणूस म्हणे श्रीमंतांवर जास्त टॅक्स लावणार! रेट किती ते विचारलं तर सांगत नाही. ग्रॅज्युएटेड टॅक्स (कमाई वाढेल तसा रेट वाढणारा) आणू, मध्यमवर्गाला झळ नाही, एवढंच पालुपद. ब्लागोयेविचबरोबरच्या टेप आहेत त्या ऐका एकदा. २००८ मध्ये एफबीआयने फोन टॅप केले होते, त्यात हे महाशय स्वतःला स्टेट ट्रेझरर करा म्हणून बोलतायत, आणि ओबामांच्या रिकाम्या सिनेट सीटवर कुठला काळा नेता ‘चालेल’ याची चर्चा करतायत. ट्रिब्यूनने छापलंय सगळं. माफी मागून मोकळा झाला.

वाऱ्याचं_गाव

टेपचं समर्थन मी करणार नाही, ऐकवत नाहीत. प्रायमरीच्या आधी राऊनरने त्याच टेपची जाहिरात महिनोन्‌महिने वाजवली, जवळजवळ काहीही न बोलता, नुसता ऑडिओ आणि खाली अक्षरं. चांगली जाहिरात होती खरं तर. पण तिकडे स्वतःच्या घराला आग लागलेली दिसली नाही. मार्चमधल्या प्रायमरीत जीन आइव्हसने त्याला जवळजवळ पाडलं होतं, ५१.५ विरुद्ध ४८.५. चालू गव्हर्नर स्वतःच्या पक्षात तीन टक्क्यांनी वाचतो! का, तर गर्भपाताला सरकारी विम्याचे पैसे देणारं एचबी ४० नावाचं बिल त्याने सही करून टाकलं, आधी व्हेटो करीन असं म्हणून. उजवीकडचे लोक तेव्हापासून पेटलेत. नॅशनल रिव्ह्यू या उजव्या विचारांच्या नियतकालिकाने डिसेंबरात कव्हरवर त्याला देशातला सर्वांत वाईट रिपब्लिकन गव्हर्नर ठरवलं. आता सॅम मॅकॅन म्हणून त्याच्याच पक्षाचा स्टेट सिनेटर वेगळी चूल मांडून उभा आहे.

आणि क्विन्सी. याच्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. क्विन्सीला माजी सैनिकांचं सरकारी वृद्धाश्रम आहे, तिथे २०१५ ला पाण्यातून लीजनेअर्स (फुप्फुसाचा आजार) झाला, १२ म्हातारे गेले. पुढच्या वर्षांतही केसेस येत राहिल्या. डब्ल्यूबीईझेड रेडिओने गेल्या डिसेंबरात सगळं काढलं, लोकांना कळवायला सहा सहा दिवस लावले होते. मग राऊनर जाऊन आठवडाभर तिथे राहिला, तिथलं पाणी प्यायला. राहिला ते चांगलंच. पण दोन वर्षं उशिरा. त्याच डिसेंबरात हा पत्रकारांना म्हणाला होता की मी काही इन्चार्ज नाही, मॅडिगन आहे. गव्हर्नरने असं बोलावं? प्रिट्झकरने ते वाक्य उचलून जाहिरातीत टाकलं, १४ कोटीतलं सगळ्यात कामाला आलेलं तेच असेल, आणि ते त्याला फुकट मिळालं.

सातारची_सून

हे बरोबर पकडलंत.

अर्धवटराव_शॉमबर्ग

अवांतर: इलिनॉयचे किती गव्हर्नर तुरुंगात गेले ते माहितीये का? ऑटो कर्नर, डॅन वॉकर, जॉर्ज रायन आणि ब्लागोयेविच. शेवटचे दोघे तर लागोपाठ. मुलाला शाळेत हे लिहायला होतं, त्याने मला विचारलं बाबा गव्हर्नर झाल्यावर जावंच लागतं का.

नेपरविलेचे_काका

😄 यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

राऊनरच्या बाजूने एक सांगतो, नाहीतर इथे एकतर्फी चाललंय. गेल्या वर्षीचा शाळांच्या निधीचा कायदा, गरीब डिस्ट्रिक्टला जास्त पैसे देणारा, त्याच्याच सहीने झाला. आणि जूनमधला सुप्रीम कोर्टाचा जेनस निकाल, सरकारी नोकराकडून युनियन जबरदस्तीने फी घेऊ शकत नाही, त्याची सुरुवात राऊनरने २०१५ ला केलेल्या केसमधून आहे. आवडो न आवडो, देशभर परिणाम झाला त्याचा. नाकर्ता म्हणू नका.

सातारची_सून

नाकर्ता नाहीच म्हणत. करायचं ते देशासाठी केलं, राज्याचं राहिलं.

वाऱ्याचं_गाव, ६ नोव्हेंबर, रात्री

संपलं. सात वाजता मतदान बंद झालं आणि चहा गार व्हायच्या आत निकाल जाहीर. राऊनरने फोन करून अभिनंदनही केलं. प्रिट्झकर ५४-५५ च्या घरात, राऊनर ३९ च्या खाली, मॅकॅन ४ च्या आसपास.

अर्धवटराव_शॉमबर्ग

चालू गव्हर्नर ३९ टक्के! मॅकॅनची सगळी मतं दिली तरी पुरत नाहीत. आणि काका, तुमच्या नेपरविलेतून काँग्रेसच्या (अमेरिकेच्या संसदेच्या) रिपब्लिकन जागाही गेल्या की. लॉरेन अंडरवूडने हल्टग्रेनला पाडलं, शॉन कास्टनने रॉस्कमला.

नेपरविलेचे_काका

बघितलं. बायकोने अंडरवूडला दिलं मत, आत्ता सांगतेय.

टवाळ_मुलगा

काकूंचा विजय असो

पेठेतली_मृणाल

हिशेब करून बघितला. सगळं धरून प्रिट्झकरचे स्वतःचे १७ कोटी १५ लाख डॉलर म्हणतायत, मतं जवळजवळ २५ लाख. म्हणजे एका मताला ७० डॉलर, आपले पाच हजार रुपये. आमच्याकडे पाकिटात घालून देतात ते याच्या दहाव्या हिश्शात भागतं आणि मतदाराच्या हातात तरी पडतं.

वाऱ्याचं_गाव

मृणाल, पैसे टीव्हीवाल्यांच्या हातात पडले इथे. पण सगळेच टीव्हीवर गेले नाहीत, त्याने गावोगाव ऑफिसं उघडली होती, पगारी माणसं, आणि खालच्या उमेदवारांनाही भरपूर दिले. विधानसभेतले कितीतरी जण आता त्याचे देणेकरी आहेत. आजवर ते फक्त मॅडिगनचे असायचे. काका, तुम्ही म्हणता रान मोकळं, मला वाटतं उलट होईल, कारण पहिल्यांदाच असा डेमोक्रॅट गव्हर्नर आलाय ज्याला मॅडिगनच्या पैशाची गरज नाही. हे चांगलं की वाईट ते ठरवता येत नाहीये मला. एका बॉसला दुसरा बॉस हाच उतारा असेल तर कठीण आहे.

पण माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. प्रिट्झकरचा पैसा बिस आणि केनेडीला पाडायला लागला. राऊनरला पाडायला सातारच्या सूनबाईंच्या ऑफिसातली थकलेली बिलं पुरेशी होती, बिस उभा असता तरी हेच झालं असतं.

नेपरविलेचे_काका

बिस उभा असता तर राऊनरने ५ कोटीत त्याचं भुस्काट केलं असतं. पटत नाही.

सातारची_सून

मलाही काकांचं पटतंय यात, आश्चर्य आहे. आमच्यावर काय गेलं ते घराघरात कळलं कारण कुणीतरी वर्षभर रोज दाखवलं. आम्ही २०१६ पासून ओरडत होतो, तेव्हा कुणाला ऐकू आलं?

बेळगावचा_बंड्या

बरं आता टॅक्सचं काय होणार? माझी बहीण ऑरोरात आहे, विचारतेय लगेच वाढणार का.

अर्धवटराव_शॉमबर्ग

लगेच शक्य नाही. राज्याच्या १९७० च्या घटनेतच लिहिलंय की सगळ्यांना एकच रेट. ते बदलायचं तर दोन्ही सभागृहांत तीन-पंचमांश मतं आणि मग लोकांचं मतदान, त्यातही साधं बहुमत नाही, त्या प्रश्नावरची ६० टक्के मतं किंवा एकूण मतदान करणाऱ्यांचं बहुमत. म्हणजे लवकरात लवकर नोव्हेंबर २०२०. आणि ग्रिफिन काही गप्प बसणार नाही, पुन्हा चेकबुकं निघतील.

नेपरविलेचे_काका

त्याच्यासाठी वेगळा धागा काढा, रेट जाहीर झाले की मी येतोच. इथे आता स्क्रोल करून बोट दुखायला लागलं.

टवाळ_मुलगा

काढताना नावात कमोड टाका, नाहीतर कुणी फिरकणार नाही.